ढगाला कान लागत नाहीत

विमानतळ म्हणावा असा तो विमानतळ नव्हता. एक धावपट्टी, एक पत्र्याचं हँगर, काचेची खोली असलेला बुटका मनोरा आणि त्याला चिकटून हवामानाची खोली. संपलं. मोठी विमानं वरून जायची आणि खाली ढुंकूनही बघायची नाहीत. या हवामानाच्या खोलीत जो माणूस बसायचा त्याला मेकॅनिक लोक आभाळकर म्हणायचे. ते त्याचं आडनाव नव्हतं, पण खरं आडनाव पगाराचा दिवस सोडला तर कुणाला लागायचं नाही, आणि त्यालाही हेच जास्त आवडायचं. कामच तसं होतं. दर तासाला बाहेर पडायचं, मान वर करायची आणि वर काय भरलंय ते कळवायचं: आभाळाचे आठ भाग धरले तर त्यातले किती झाकलेत, ढग किती उंचीवर आहेत, आणि मुख्य म्हणजे कुठल्या जातीचे आहेत.

लोकांना वाटतं, ढग म्हणजे ढग. हे वाक्य कुणी त्याच्यासमोर बोललं की त्याचं डोकं फिरायचं. मग तो त्या माणसाला खुर्चीत बसवायचा आणि अख्खं खानदान ऐकवायचा. तीन मजली इमारत आहे असं समजा, तो सुरुवात करायचा. सगळ्यात वरच्या मजल्यावर सिरस आणि त्याची दोन भावंडं. बर्फाची, पिंजून टाकलेली पातळ मंडळी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मधल्या मजल्यावर अल्टो घराणं. त्यातला एक गोळ्यागोळ्यांचा, दुसरा नुसता पडदा, ज्याच्या पलीकडे सूर्य आजारी दिसतो. तळमजल्यावर स्ट्रॅटस, म्हणजे जमिनीवर उतरायचा कंटाळा केलेलं धुकं. त्याचा तो गठ्ठ्यागठ्ठ्यांचा जाडा भाऊ स्ट्रॅटोक्युम्युलस. आणि क्युम्युलस, शाळेतली मुलं चित्रात काढतात तो. उरले दोघं. ते मजले पाळत नाहीत. पहिला निंबोस्ट्रॅटस: करडा, जाड, रडवेला, दिवसभर एका सुरात पडत राहणारा, पण मनात काही काळं नसलेला. विमान त्याच्यातून भिजून जातं आणि भिजून बाहेर येतं. दुसरा क्युम्युलोनिंबस: तळमजल्यापासून गच्चीपर्यंत एकटाच राहणारा दांडगट. त्याच्या पोटात वारा वरही जातो आणि खालीही, आणि मध्ये जे सापडेल त्याचे तुकडे करतो. कामावरची माणसं एवढी लांब नावं घेत बसत नाहीत. पहिल्याला निंबो म्हणतात, दुसऱ्याला सीबी.

लांबून सीबी शेंबडं पोरही ओळखेल. मनोऱ्यासारखा चढलेला आणि वर ऐरणीसारखा सपाट पसरलेला. पंचाईत होते ती त्याच्या खाली उभं राहिल्यावर. खालून निंबो आणि सीबी अगदी सारखे दिसतात, करडे, ओले, ना आगा ना पिछा. त्यात कधीकधी सीबी निंबोच्या अंगात लपून येतो. अशा वेळी नियम सांगतो: ऐका. गडगडाट ऐकू आला, वीज दिसली किंवा गारा पडल्या तर सीबी लिहा, नाहीतर निंबो. आणि भर दिवसा, एवढ्या जाड ढगात वीज काही दिसत नाही. म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत डोळ्यांनी करायच्या या कामात एका जागी कान लागतो. एकाच जागी.

आणि आभाळकरचे कान गेले होते.

एकदम गेले असते तर बरं झालं असतं. माणूस बोंब तरी मारतो. त्याचे गेले ते हळूहळू, आणि तेही वरून नाही, खालून. जाड, खर्जातले आवाज आधी गेले. ट्रकचा घरघराट गेला, मग शेजारच्या म्हाताऱ्याचं खोकणं गेलं, मग पुरुषांचं बोलणं पुसट झालं. बारीक आवाज मात्र शाबूत राहिले. चमचा पडला की तो दचकायचा, पक्ष्याची शीळ त्याला खोलीच्या आतून ऐकू यायची, मनोऱ्यावरच्या रेडिओवालीचा चिरका आवाज तर नको तितका. त्यामुळे कुणाला संशय आला नाही. पुरुषांचं बोलणं तो ओठांवरून उचलायला शिकला. मिशीवाल्यांशी बोलायचं टाळायला लागला. दरवर्षी कामावरचा डॉक्टर त्याचे डोळे कसून तपासायचा, रंगांच्या ठिपक्यांतले आकडे वाचायला लावायचा, आणि कानांबद्दल जाता जाता विचारायचा, "ऐकायला ठीक ना?" डॉक्टरला मिशी नव्हती. "एकदम ठीक," असं आभाळकर म्हणायचा.

घरी लपवायचं कारणच नव्हतं. बायकोचा आवाज मुळातच घोगरा, त्यामुळे घरात तिचंच बोलणं आधी बुडालं. ती पहिल्यांदा चिडली, मग घाबरली, मग त्याच्यासमोर येऊन बोलायची सवय तिने लावून घेतली. पण तोंडाचा पट्टा थांबला नाही. "अहो, एकदा कान दाखवून या. आज माझं ऐकू येत नाही, उद्या साहेबाचं येणार नाही. मग?"

"मग काय? माझं काम वर बघायचं आहे," तो म्हणायचा. "ढगाला कान लागत नाहीत."

हे तो इतक्या वेळा बोलला होता की तिला ते खरंच वाटत होतं. का नाही वाटणार? आयुष्यभर या माणसाने मान वर करून नोकरी केली, तिला ढगांतलं काय कळणार होतं? तो जे सांगेल ते खरं. आणि तो सांगत नव्हता, कारण सांगितलं असतं तर तिने त्याला हाताला धरून साहेबासमोर उभं केलं असतं. साहेबाने त्याला कान नसलेला माणूस म्हणून जुन्या फायलींच्या खोलीत बसवलं असतं, जिथे खिडकी आहे पण समोर भिंत आहे. निवृत्तीला थोडंच राहिलं होतं. तेवढं आभाळ त्याला हवं होतं. हव्यासच म्हणायचा, दुसरं काय!

बायकोला एक धाकटा भाऊ होता. लहानपणी तो तोंडाने घूं घूं करत घरभर पळायचा, म्हणून त्याला भुंगा म्हणायचे, आणि चाळिशी आली, कानशिलं पांढरी झाली, तरी तो भुंगाच राहिला. ताईनेच त्याला वाढवलेला. आई लवकर गेली तेव्हा ती स्वतः वेणी घालायच्या वयाची होती, आणि हा तिच्या कडेवर. तो पायलट झाला तेव्हा ती आठवडाभर रडली, आणि त्याची बदली याच विमानतळावर झाली तेव्हा पुन्हा रडली, या वेळी आनंदाने. तो एक लहानसं विमान घेऊन डोंगरापलीकडच्या गावांना औषधं आणि टपाल पोचवायचा. लग्न केलं नव्हतं. जेवायला ताईकडेच असायचा आणि जेवता जेवता दाजींची खेचायचा.

"दाजी, आज ताईचं आभाळ कुठलं?" दारातून आत येतानाच तो डोळे मिचकावून विचारायचा. त्याला दाजींच्या कानांबद्दल माहीत नव्हतं. दाजी आपलं बोलणं इतकं टक लावून का बघतात, याचं त्याला फक्त हसू यायचं.

"अल्टोस्ट्रॅटस," आभाळकर खालच्या आवाजात सांगायचा. "संध्याकाळपर्यंत उतरणार. छत्री ठेव."

"मला ऐकू येतं हां सगळं," ती आतून म्हणायची, आणि ते मात्र आभाळकरला ऐकू यायचं नाही. भुंगा हसायला लागला की त्याला कळायचं.

त्या दिवशी सकाळपासून पाऊस लागून राहिला होता. वर साग्रसंगीत निंबो, आठच्या आठ भाग झाकलेले, कुठे फट नाही. लांबच्या मोठ्या केंद्राचा अंदाजही तेच सांगत होता. भुंग्याचं विमान भरून तयार होतं. पलीकडच्या दवाखान्यातून सकाळपासून फोन येत होते, औषधं संपत आली होती. तो ओला होऊन हवामानाच्या खोलीत आला आणि दारातच पाय झटकले.

"दाजी, वर काय?"

"निंबो. सकाळपासून हाच ठाण मांडून आहे."

"नक्की? डोंगराच्या बाजूला मला जरा काळं वाटतंय."

"जाडी वाढलीय. तू निघायच्या आधी मी परत बघतो."

"आवाजबिवाज?"

"काही नाही."

"मग झालं तर. ताईला सांगा, परत आल्यावर तिकडेच जेवतो. आणि आज तिचं आभाळ कुठलं?"

"सिरस."

"म्हणजे वाढेल नीट," असं म्हणून भुंगा गेला. विमान धावपट्टीच्या टोकाला होतं. मेकॅनिकने खूण केली आणि पंखा फिरायला लागला.

त्या विमानतळाची एक पद्धत होती. विमान निघायच्या अगदी आधी निरीक्षकाने व्हरांड्यात उभं राहून एकदा शेवटचं आभाळ बघायचं, ऐकायचं, आणि मनोऱ्याच्या खिडकीतून रेडिओवालीला सांगायचं. ती ते पायलटला सांगणार, मग तो निघणार. आभाळकर व्हरांड्यात आला. डोंगराच्या बाजूला खरंच काळं होतं. नुसतं काळं नाही, निळसर काळं, आणि त्याची खालची कड जरा लोंबत होती. निंबो इतका जड दिसत नाही. पण त्याच्या पोटात आणखी कुणी आहे की नाही, हे डोळ्यांना दिसणार नव्हतं. त्याने डोळे मिटले आणि श्वास धरला. पत्र्यावर पडणारा पाऊस ऐकू आला, बारीक, तडतडणारा. पन्हळीचं पाणी ऐकू आलं. कुठल्यातरी पक्ष्याची चिवचिव ऐकू आली. त्याच्या खाली काही नव्हतं. त्याच्या खाली आता कधीच काही नसायचं.

शेजारच्या खिडकीत रेडिओवाली कानांवर हेडफोन लावून बसली होती. त्याच्याकडे बघून तिने भुवया उंचावल्या: काय सांगू? त्याने फक्त एवढंच म्हणायचं होतं की, पोरी, ते काढ आणि जरा बाहेर ये, काही ऐकू येतंय का बघ. एवढंच. तिने पटकन हेडफोन काढले असते, आली असती, उभी राहिली असती. वाक्य त्याच्या जिभेवर होतं. पण मग ती विचारणार, तुम्हाला नाही का येत? आणि संध्याकाळपर्यंत ते साहेबाच्या टेबलावर जाणार. त्याने वाक्य गिळलं. शेवटी नियम आहे ना? गडगडाट ऐकू आला नाही. खोटं तर तो सांगत नव्हता.

"निंबो," तो म्हणाला. तिने अंगठा दाखवला.

विमान धावलं, वर उठलं, आणि कपड्यात सुई शिरावी तसं ढगात शिरलं. त्याचा आवाज गेला की आहे, हे आभाळकरला कळायचा प्रश्न नव्हता. तो आत आला आणि चहा ओतून घेतला. चहा अर्धा झाला असेल, तेवढ्यात त्याने काचेतून बघितलं, तर रेडिओवालीचे ओठ तेच तेच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होते. विमानाचा नंबर. मग थांबायचे. मग पुन्हा विमानाचा नंबर. त्याने कप खाली ठेवला.

विमान डोंगराच्या पलीकडच्या उतारावर सापडलं. सापडलं म्हणजे ठिकठिकाणी सापडलं. ज्यांनी बघितलं त्यांनी ताईला बघू दिलं नाही, आणि चांगलं केलं.

घर माणसांनी भरलं आणि रिकामं झालं. ती पलंगाच्या कडेला बसून होती. रडून रडून तिचा चेहरा सुजला होता. आभाळकर तिच्यासमोर स्टुलावर बसला होता, कारण तिच्यासमोर नाही बसला तर तिचं काही ऐकू येणार नाही, आणि अशा वेळी ते बरं दिसलं नसतं. तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "एवढं गडगडत होतं. आणि हा गेला कसा?"

त्याला वाटलं, आपण ओठ चुकीचे वाचले. "काय म्हणालीस?"

"गडगडत होतं हो. मी टीव्हीचा प्लग काढला, नाहीतर मागच्यासारखा जळला असता. दोनदा गडगडलं, चांगलं लांबवर. मग त्याच्या विमानाचा आवाज आला. मी मनात म्हटलं, ह्यांनी बघितलं असेल. हे आहेत ना तिथे." आणि तिने त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं.

त्या घडीला सांगायला हवं होतं. तिचं डोकं त्याच्या गुडघ्यावर होतं, ती त्याला धरून होती, आणि तो तिच्या केसांवरून हात फिरवत राहिला. भ्याड माणूस. याहून वेगळा शब्द नाही, आणि असला तरी त्याच्यासाठी वापरायचं कारण नाही.

चौकशी झाली ती साहेबाच्या खोलीत. वरून एक अधिकारी आला होता, वागायला सभ्य, बोलायला मऊ, आणि नाकाखाली ओठ झाकून टाकणाऱ्या मिशा. तो माणूस तोंड हलवत होता आणि शब्द मिशांत अडकत होते. एकदा आभाळकरने "होय" म्हटलं, तर सगळे त्याच्याकडे बघायला लागले. मग साहेबाने अधिकाऱ्याच्या कानाशी काहीतरी सांगितलं आणि अधिकाऱ्याने मान खाली घातली. मेहुणा होता, असं सांगितलं असणार. त्यानंतर त्याला कुणी फार काही विचारलं नाही. बाकीच्यांचं काय झालं ते त्याला आधीच माहीत होतं. रेडिओवालीच्या कानांवर हेडफोन होते. मेकॅनिक चालू इंजिनाशेजारी उभा होता. कुणीच काही ऐकलेलं नव्हतं.

घरचं माणूस म्हणून तिलाही बोलावलं होतं. ती कोपऱ्यातल्या खुर्चीत, मांडीवर हात ठेवून बसली होती. अधिकाऱ्याने एक छापील पान उचललं आणि वाचायला लागला. पान कुठलं ते आभाळकरला लांबूनच कळलं, त्याचा तर तो रोजचा पाठ होता. तो अधिकाऱ्याकडे बघतच नव्हता. बायकोकडे बघत होता. ढगाचा माथा दिसत नसेल तेव्हा. गडगडाट ऐकू आल्यास. ती आधी नुसती ऐकत होती, माणसं सरकारी कागद ऐकतात तशी, अर्धं लक्ष देऊन. मग तिचे हात मांडीवर थांबले. तिने मान वळवली आणि नवऱ्याकडे बघितलं. त्याच्या तोंडाकडे नाही, त्याच्या कानाकडे. एका कानाकडे, मग दुसऱ्या. तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर आभाळकर सुटला असता. तिथे फक्त हिशेब लागत गेलेला दिसला, एकेक करून, शेवटपर्यंत.

पान खाली ठेवून अधिकारी तिच्याकडे वळला. त्याने काय विचारलं ते आभाळकरला दिसलं नाही, पण विचारण्यासारखं एकच होतं. क्वार्टर डोंगराच्या बाजूला आहेत. बाई घरात होत्या. बाईंनी काही ऐकलं का?

आभाळकरने खुर्चीचे हात घट्ट धरले. सांग, तो मनात म्हणत होता. सांगून टाक. त्याला आयुष्यात कधी इतकं मोकळं वाटलं नव्हतं, कारण आता ते त्याच्या हातात राहिलं नव्हतं. ती सांगेल, मग ते विचारतील, मग तो उभा राहील.

तिचे ओठ त्याने वाचले. इतकी वर्षं तो तेच करत आला होता, तिथे चूक होणं शक्य नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "गडगडलं नाही."

अधिकाऱ्याने लिहून घेतलं. निरीक्षण नियमाला धरून होतं. दोष कुणाचाच नव्हता.

घरी येईपर्यंत ती पुढे चालत होती आणि तो मागे. घरात आल्यावर त्याने दार लावलं आणि तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. "खोटं का बोललीस?"

तिने पदराने टेबल पुसलं, जे पुसायची गरज नव्हती.

"तुम्ही म्हणाला होतात, ढगाला कान लागत नाहीत."

तिने पदर खाली सोडला.

"मी तिथे येऊन बसले असते," ती म्हणाली. एकेक शब्द त्याला दिसेल असा म्हणाली, जशी ती रोज बोलायची. "मला सांगितलं असतंत ना, तर मी रोज तुमच्या व्हरांड्याच्या पायरीवर येऊन बसले असते. भाजी निवडत. कुणी काही विचारलं नसतं, डबा घेऊन आलीय म्हणाले असते. गडगडलं की तुम्हाला सांगितलं असतं. काय कष्ट होते त्यात? मी इथे बसून ऐकतच होते."

"मी साहेबांना सगळं सांगतो."

"सांगा," ती म्हणाली आणि आत गेली.

तो दुसऱ्या दिवशी खरंच गेला. साहेब वयाने त्याच्याहून लहान, माणूस वाईट नव्हता. आभाळकरने उभ्याउभ्याच सांगितलं की त्याला ऐकू येत नाही, बऱ्याच वर्षांपासून येत नाही, त्या दिवशीही आलं नव्हतं, आणि गडगडत होतं. साहेबाने त्याला बसवलं, पाणी दिलं आणि समोर वाकून, ओठ स्पष्ट हलवत विचारलं, "गडगडत होतं हे तुम्हाला कसं कळलं? तुम्हाला तर ऐकू येत नाही."

आभाळकरची नजर खिडकीतून क्वार्टरकडे गेली.

"तुमच्या मिसेसनी साक्ष दिलीय, सही केलीय," साहेब म्हणाला. "ती खोटी आहे असं म्हणायचंय तुम्हाला? आधी भाऊ गेला त्यांचा. आता त्यांच्यावर ते आणायचं? घरी जा. तुम्हाला धक्का बसलाय. या वयात सगळ्यांनाच थोडं कमी ऐकू येतं."

त्या एका 'नाही'ने तिने त्याच्या कबुलीचं दार लावलं होतं आणि बाहेरून कडी घातली होती. हे तिला कळत होतं की नव्हतं, ते त्याने कधी विचारलं नाही.

पुढे तो कामावर जात राहिला. पण आता करडं आभाळ दिसलं की तो सीबी लिहायचा. रिमझिम असली तरी सीबी. साधा स्ट्रॅटस उतरला तरी सीबी. भुंग्याच्या जागी आलेला पायलट धावपट्टीवर ताटकळायचा, पलीकडच्या दवाखान्यातून फोनवर फोन यायचे, मेकॅनिक म्हणायचे, आभाळकरांना हल्ली एकच ढग येतो. चुकीचं लिहिणं हेही चुकीचंच, हे त्याला कळत होतं, पण पेन दुसरं काही लिहायला तयार नव्हतं. शेवटी साहेबाने त्याला फायलींच्या खोलीत बसवलं आणि व्हरांड्यात एक यंत्र बसवून घेतलं. खिडकीसमोर खरंच भिंत होती. निवृत्त होईपर्यंत तो ती बघत बसला.

आता दोघं शहरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात. इथे आल्यावर त्याने कान दाखवले. डॉक्टरने मशीन दिलं, पण ते घातलं की चमचे आणि नळ तेवढे डोक्यात वाजतात. जे गेलं ते काही येत नाही. उशीर केलात, असं डॉक्टर म्हणाला. ती त्याला दोन वेळचं नीट वाढते, औषधाची आठवण करते, घरात भांडण असं नाही. भुंग्याचं नाव कुणी काढत नाही. बोलणंही लागेल तेवढंच होतं, आणि ते पूर्वीसारखंच समोर येऊन.

फक्त आभाळ भरून आलं की ती हातातलं काम ठेवते. कणकेचे हात असले तर धुते, पुसते, आणि त्याच्या खुर्चीसमोर येऊन उभी राहते. बराच वेळ काही होत नाही. ती मान किंचित कलती करून ऐकत असते आणि तो तिच्या तोंडाकडे बघत असतो. मग ती सांगते.

"गडगडतंय."

पहिल्यांदा त्याला वाटलं, सहज म्हणाली. दुसऱ्यांदा त्याने हात जोडले आणि म्हणाला, "अगं, नको सांगूस. आता काय उपयोग?" ती तशीच उभी राहिली. तिच्या डोळ्यांत शिक्षा द्यायची आहे असं काही नव्हतं. तिथे काहीच नव्हतं. जे तेव्हा करायचं राहिलं ते ती आता करत होती, इतकंच.

तो खिडकीबाहेर बघतो. समोरच्या इमारतींच्या मध्ये आभाळाचा जेवढा तुकडा दिसतो तो करडा असतो, ओला असतो, आणि त्यावरून काहीही कळत नाही.

"सीबी," तो म्हणतो.

मग ती आत जाते.